दुधात गाठी दिसण्याआधी

ज्या गाईसाठी मला गोठ्यावर बोलावतात, तिच्यापेक्षा तिच्या शेजारी बांधलेल्या गाईची मला जास्त काळजी वाटते. आजारी गाय लपत नाही. कासेचा एक भाग टणक आणि गरम झालेला असतो, सड लालभडक, धारेतून दुधाऐवजी पिवळसर पाणी आणि गाठी येतात, ती हात लावू देत नाही. ‘दगडी झाली’ म्हणून घरचे घाबरतात, फोन करतात आणि उपचार सुरू होतात. शेजारची गाय मात्र निवांत रवंथ करत असते. खाणं-पिणं नीट, दूध पांढरंशुभ्र, सूज नाही, ताप नाही. तिच्या एखाद्या सडात तोच जंतू महिनोन् महिने मुक्काम ठोकून असू शकतो आणि धार काढणाऱ्या हातांवरून रोज दोन वेळा पुढच्या गाईकडे जात असतो. डोळ्यांना दिसणाऱ्या एका कासदाहामागे न दिसणारे कितीतरी असतात. बरी दिसणारी गाय तपासायची सवय आपल्याला लागलेली नाही, हेच मला या लेखात सांगायचं आहे.

मी संगमनेर-अकोले भागात पशुवैद्यक म्हणून काम करते. इथं घराघरात संकरित गाई आहेत, कुणाकडे दोन, कुणाकडे वीस. दर दहा दिवसांनी होणाऱ्या दुधाच्या पगारावर पोरांच्या फिया, म्हाताऱ्यांची औषधं आणि सोसायटीचा हप्ता चालतो. गाईचा एक सड गेला तर त्या घराचा महिन्याचा हिशेब बिघडतो.

“मॅडम, काल संध्याकाळपर्यंत काही नव्हतं. सकाळी बघतो तर सड दगड झालेला,” हे वाक्य मला बहुतेक गोठ्यांत ऐकू येतं. बोलणारा खरंच बोलत असतो, कारण आदल्या दिवशी डोळ्यांना दिसण्यासारखं काही नव्हतंच. अशा वेळी मी डेअरीच्या पावत्या मागते. कुणी खिळ्याला टोचून ठेवलेल्या असतात, कुणाच्या मोबाइलवर संदेश असतात. मागच्या महिन्याचे आकडे ओळीनं वाचले की बऱ्याचदा दिसतं, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) ८.५ वरून ८.३, मग ८.२ असा खाली येत गेलेला आहे. घरात त्याचं कारण आधीच ठरलेलं असतं. उसाचं वाढं जास्त पडलं, पेंड बदलली, केंद्रावरचं मशीन नीट दाखवत नाही. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं असतंच. पण चारा, पेंड, मशीन काही न बदलता एसएनएफ लागत नसेल, तर बोट कासेकडे वळवायला हवं.

याचं कारण कासेच्या कामात आहे. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून साधारण चारशे ते पाचशे लिटर रक्त फिरावं लागतं. त्या रक्तातली साखर घेऊन कासेच्या पेशी दुधातली साखर बनवतात, प्रथिनं बनवतात. एसएनएफ म्हणजे मुख्यतः हेच दोन घटक आणि क्षार. दाह सुरू झाला की या पेशी जखमी होतात, साखर कमी बनते, चीज-पनीर ज्यामुळे जमतं ते केसीन कमी होतं. पेशींमधल्या घट्ट सांधी सैल पडतात आणि रक्तातलं सोडियम, क्लोराइड दुधात झिरपतं. दूध किंचित खारट होतं. कळसुबाईच्या पायथ्याकडच्या एका वाडीत मी एका आजींना प्रत्येक सडाची पहिली धार तळहातावर घेऊन जिभेचं टोक लावताना पाहिलं. “हा सड खारवलाय,” त्या म्हणाल्या. प्रयोगशाळेचा निष्कर्षही तोच आला. कच्चं दूध जिभेला लावू नका असं मी त्यांना सांगितलं, कारण त्यातून माणसाला रोग होऊ शकतात. पण त्यांनी शोधून काढलेली खूण रसायनशास्त्राला धरून होती, आणि ती त्यांनी कुठल्याही पुस्तकाशिवाय शोधली होती याचं मला फार अप्रूप वाटलं.

कास बाहेरून एक दिसली तरी आत चार स्वतंत्र कप्पे असतात. एका कप्प्यातलं दूध दुसऱ्यात जात नाही. म्हणून तीन सड धडधाकट आणि चौथा बिघडलेला असं होऊ शकतं. चारही सडांचं दूध एकाच बादलीत पडलं की चौथ्याचा दोष बाकीच्या तिघांत मिसळून जातो, आणि सगळ्या गाईंचं दूध कॅनमध्ये एकत्र झालं की तो पुरता हरवतो. पावतीवरचा आकडा संशय जागा करतो. दोषी सड कोणता, हे तो सांगत नाही. ते कळायचं असेल तर एकेक सड वेगळा बघावा लागतो.

सडाच्या टोकाला सुमारे एक सेंटिमीटर लांबीची बारीक नळी असते. तिच्याभोवती स्नायूचं वलय आवळून बसलेलं असतं आणि आतून केराटिनचा मेणचट थर असतो. जंतू कासेत शिरतात ते जवळजवळ नेहमी याच वाटेनं. धार काढताना हे वलय सैलावतं आणि धार संपल्यावर पूर्ववत आवळायला त्याला अर्धा ते एक तास लागतो. नेमक्या त्या वेळात थकलेली गाय ओल्या शेणात बसली, तर सडाचं उघडं तोंड थेट घाणीला टेकतं. म्हणून मी सांगते, ताजी वैरण धार काढून झाल्यावर टाका. वैरण समोर आली की गाय उभी राहून खाते आणि तेवढ्यात सड मिटतो. याला एक पैसा जास्त लागत नाही, फक्त वेळ बदलावी लागते.

कासेतून आजवर शंभराहून जास्त प्रकारचे सूक्ष्मजीव वेगळे केले गेले आहेत, पण गोठ्यात काम करताना त्यांचे दोन गट लक्षात ठेवले तरी पुरे. पहिल्या गटातले जंतू गाईकडून गाईकडे जातात. त्यांचं घर म्हणजे आजारी कास, आणि त्यांचं वाहन म्हणजे धार काढणाऱ्याचे हात, कास पुसायचं एकच एक फडकं, मशीनचे कप. स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टी हा त्यातला जुना गुन्हेगार. फ्रान्समधल्या एडमंड नोकार यांनी १८८०च्या दशकातच दाखवून दिलं होतं की हा कासेचा रोग संसर्गानं पसरतो. हा जंतू पेनिसिलिन गटातल्या औषधांना बऱ्यापैकी दाद देतो.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं तसं नाही, आणि मला सर्वांत जास्त सतावणारा जंतू हाच आहे. तो कासेच्या आत खोलवर जाऊन बारीक गळवं करतो, शरीर त्याच्याभोवती जाड कवच बांधतं आणि त्या कवचातून औषध आत पोचत नाही. आपल्यालाच मारायला आलेल्या पांढऱ्या पेशींच्या पोटात तो जिवंत राहू शकतो. पेनिसिलिन निकामी करणारं विकर त्याच्या अनेक प्रकारांकडे असतं. शिवाय तो रोज सारख्या प्रमाणात दुधात उतरत नाही. आज नमुन्यात सापडेल, उद्या नाही. गाय औषधानं बरी होते, पंधरा दिवसांनी तोच सड पुन्हा सुजतो, पुन्हा औषध, पुन्हा बरी. घरचे म्हणतात औषध बनावट होतं, डॉक्टर बदलतात. औषध खरं असतं. जंतू त्याच्या आवाक्याबाहेर बसलेला असतो. कधी कधी, विशेषतः ताज्या व्यालेल्या गाईत, हाच जंतू इतकं तीव्र रूप घेतो की सड गार पडतो, निळा-काळा होतो आणि तो भाग अक्षरशः सडून गळतो. तेव्हा कास वाचवण्याचा विचार सोडून गाय वाचवावी लागते.

दुसऱ्या गटातले जंतू गोठ्यातच राहतात: शेणात, चिखलात, ओल्या भुश्शात. ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस ही त्यांतली नेहमीची नावं. त्यांना दुसऱ्या आजारी गाईची गरज नसते. पावसाळ्यात माझ्याकडे येणारे फोन यांच्यामुळे वाढतात. ई. कोलायचा हल्ला वेगवान असतो. त्याच्या पेशीभित्तिकेत विष असतं आणि जंतू मरू लागला की ते मोकळं होऊन रक्तात उतरतं. काही तासांत दूध पिवळट पाण्यासारखं होतं, ताप चढतो, गाय खाणं सोडते आणि बसून घेते.

पुष्कळ घरांत या आजाराचं कारण नजर लागणं हे असतं. भरलेली कास कुणी पाहिली आणि गाय बसली. मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या जातात. मी त्या श्रद्धेशी भांडत नाही, कारण तिच्यामागे जनावराबद्दलची माया असते. मी एवढंच म्हणते की ओवाळा, पण त्याआधी दूध तपासून घ्या. विषारी कासदाहात सकाळचे चार तास फार मोठे असतात.

अकोल्याच्या घाटमाथ्याकडे डांगी गाई आहेत. त्यांच्या तेलकट कातडीवरून मुसळधार पाऊस ओघळून जातो. त्यांची कास लहान, पोटाला चिकटलेली, दूध वासरापुरतं आणि घरापुरतं. दगडीसाठी डांगी गाईकडे मला क्वचितच जावं लागतं. खाली बागायती पट्ट्यात वीस-पंचवीस लिटर देणाऱ्या एचएफ संकरित गाईची कास जड, कधी गुडघ्यापर्यंत लोंबणारी, सडाची नळी सैल. दूध वाढवताना आपण कासेवरचा ताणही वाढवला. संकरित गाय पाळू नका असं मी म्हणणार नाही, ती इथल्या घरांचा आधार आहे. पण तिच्या कासेची राखण डांगीसारखी निसर्गावर सोडून चालत नाही.

धार काढायची पद्धत हे मला सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण वाटतं. अंगठा मुडपून सड ओढणारे हात अजून पुष्कळ आहेत. मुडपलेल्या अंगठ्याचं हाड सडाच्या आतल्या नाजूक अस्तरावर रोज दोन वेळा घासतं, तिथं गाठ धरते, नळी अरुंद होते. पूर्ण मुठीनं दाबून धार काढली तर हे टळतं. हात सुके पडतात म्हणून दुधातच बोटं बुडवून सडाला लावायची सवयही तशीच घातक आहे, कारण दुधाचा ओलावा जंतूंना आयतं अन्न देतो. आणि सड बंद झाला म्हणून त्यात कडुनिंबाची काडी घालणं तर कृपा करून थांबवा. त्या काडीनं बाहेरची सगळी घाण थेट आत जाते आणि नळीला झालेली इजा भरून येत नाही.

मशीन आलं म्हणून प्रश्न सुटला असं नाही. मशीनचं रबर लायनर साधारण २५०० दोहनांनंतर बदलायचं असतं. एकाच संचावर दहा गाई दोन वेळा पिळणाऱ्या गोठ्यात हे जेमतेम चार महिन्यांत भरतं. मी पाहते ती रबरं तडकलेली, आतून खडबडीत असतात, आणि त्या तडांत जंतू धुतले जात नाहीत. कास रिकामी झाल्यावरही कप लावून ठेवला तर निर्वात दाबानं सडाचं टोक बाहेर उलटून येतं, खरखरीत होतं. सडाच्या टोकावर असा पांढरा, फुटलेला काठ दिसला की मी आधी मशीनकडे जाते, मग गाईकडे.

आता निदानाकडे येते. आमच्या भागात धार बहुतेक बाया काढतात आणि डॉक्टरला फोन पुरुष करतात. मी गोठ्यावर पोचते तेव्हा माहिती द्यायला भाऊ किंवा दादा पुढे असतात आणि जिला खरी माहिती आहे ती सून मागं चहा ठेवत असते. मी तिला बोलावून घेते. “ताई, गेल्या आठवड्यात हा सड पिळायला जड जात होता का? पान्हा नीट सोडत होती का? शेवटची धार कशी होती?” उत्तर लगेच येतं. “जड होता की. पाय हलवत होती. मी म्हणाले होते ह्यांना.” रोज दोन वेळा त्या चार सडांना हात लावणाऱ्या बाईइतकं जवळचं उपकरण दुसरं नाही. पशुवैद्यकानं तिला विचारलं नाही तर निदान अर्धंच राहतं, असं माझं ठाम मत आहे. प्रशिक्षणाच्या याद्यांत तिचं नाव असायला हवं, कारण तिथं मिळालेलं ज्ञान तिच्याच हातांनी वापरायचं आहे.

तिच्यासाठी पहिली तपासणी अगदी साधी आहे. धार काढण्यापूर्वी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फरशीवर नाही, गोठ्याच्या जमिनीवर तर मुळीच नाही, तर काळा तळ असलेल्या वाटीत किंवा वाटीवर ताणलेल्या काळ्या कापडावर घ्यायच्या. पांढऱ्या दुधातल्या पांढऱ्या गाठी काळ्यावरच उठून दिसतात. जमिनीवर धार मारली की जंतू गाईच्या बसायच्या जागी पसरतात. पहिल्या धारा वेगळ्या घेण्याचा आणखी एक फायदा आहे. त्या पहिल्या धारांत जंतू सर्वांत जास्त असतात आणि त्या टाकून दिल्यानं बादलीतलं दूध स्वच्छ राहतं. मग कास हातांनी चाचपायची, तीही धार काढून झाल्यावर, रिकामी असताना. आत कुठे घट्ट गाठ, कुठे एक कप्पा दुसऱ्यापेक्षा आक्रसलेला, हे भरल्या कासेत कळत नाही.

पण न दिसणाऱ्या कासदाहाला हेही पुरत नाही. त्याच्यासाठी जी चाचणी आहे तिच्यावर माझं मनापासून प्रेम आहे. १९५७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शाल्म आणि नूरलँडर यांनी ती मांडली. डावासारखी एक प्लास्टिकची थाळी, तिला चार उथळ कप्पे, प्रत्येक सडासाठी एक. प्रत्येक कप्प्यात पहिल्या धारा सोडून साधारण चमचाभर दूध घ्यायचं, तेवढंच औषधी द्रावण टाकायचं आणि थाळी दहा सेकंद गोल फिरवायची. द्रावण म्हणजे मुख्यतः फेस करणारा साबणी पदार्थ. निरोगी दूध पाण्यासारखं पातळ राहतं. बिघडलेल्या सडाचं दूध दाटतं, थाळी तिरपी केली की अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं एकसंध सरकतं. सूज जितकी जास्त, तितका गोळा घट्ट.

असं का होतं ते कळलं की चाचणीवर विश्वास बसतो. जंतू शिरला की गाईचं शरीर त्याच्याशी लढायला पांढऱ्या पेशी कासेत पाठवतं. निरोगी सडाच्या एका मिलिलिटर दुधात अशा पेशी एक लाखाच्या आत असतात. दोन लाखांच्या वर गेल्या की त्या सडात संसर्ग असण्याचा संशय धरतात. साबणी द्रावण या पेशींची आवरणं फोडतं, आतला डीएनए बाहेर येतो आणि त्याचे लांब धागे एकमेकांत गुंतून दूध दाटतं. म्हणजे आपण थाळीत जंतू बघत नाही, गाईनं उभारलेली फौज बघतो. जंतू किती लपला तरी फौज लपत नाही. युरोपात दुधात मिलिलिटरला चार लाखांपेक्षा जास्त पेशी चालत नाहीत, अमेरिकेत ही मर्यादा साडेसात लाख आहे. आपल्या गावच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मोजतात, पेशी मोजत नाहीत. ज्या दिवशी कमी पेशींच्या दुधाला चार पैसे जास्त मिळतील, त्या दिवशी गोठ्यातल्या सवयी आपोआप बदलतील, असं मला वाटतं.

तयार द्रावण हाताशी नसेल तर कपडे धुण्याच्या पावडरीचं तीन टक्के द्रावण, म्हणजे शंभर मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम पावडर, याच कामी वापरता येतं. भारतात आणि पाकिस्तानात ही पद्धत अभ्यासली गेली आहे. निकाल मूळ चाचणीइतका नेमका नसतो, पण चारही सडांची एकमेकांशी तुलना करायला उपयोगी पडतो. मात्र व्यायल्यानंतरच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत ही चाचणी करू नका. चिकात पेशी मुळातच भरपूर असतात, त्यामुळे निरोगी सडही आजारी दिसतो. गाय आटायला आली असतानाही तसंच होतं. तपासून झालेलं मिश्रण गव्हाणीपासून दूर फेका.

याच्या जोडीला रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या आहेत. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.८ असतो, कासदाहात रक्तातला द्रव मिसळून तो सातकडे सरकतो आणि पिवळी पट्टी हिरवट होते. दुधातून वीज किती सहज वाहते हे मोजणारं हातातलं यंत्रही मिळतं. आजींच्या जिभेला लागलेला खारटपणाच ते मोजतं. पण सुरुवातीचा, सौम्य दाह या दोन्हींतून निसटू शकतो, म्हणून माझी पसंती थाळीलाच आहे.

दिसायला कासदाह, पण प्रत्यक्षात वेगळंच, असंही होतं. पहिलारू कालवड व्यायला आली की तिची सगळी कास फुगते, कधी सूज पोटाखालून पुढे सरकते. अंगठ्यानं दाबलं की खड्डा पडतो आणि तो काही क्षण तसाच राहतो. कास गरम नसते, दुखत नाही, दूध स्वच्छ असतं. ही पाण्याची सूज आहे, तिला प्रतिजैविकाची गरज नाही. व्यायल्यावर दोन-चार दिवस चारही सडांतून गुलाबी दूध आलं तर बहुधा बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, तेही आपोआप थांबतं.

याच्या उलट होणारा घोटाळा जास्त जीवघेणा आहे. नुकतीच व्यालेली गाय बसली, कान गार पडले, मान कुशीकडे वळली, की कुणीही म्हणतं कॅल्शियम कमी पडलं, बाटली लावा. बहुतेकदा ते खरं असतं. पण ई. कोलायच्या विषानंही गाय अशीच बसते, आणि विषानं दमलेल्या हृदयाला शिरेतून घाईनं दिलेलं कॅल्शियम झेपत नाही. बसलेल्या गाईचे खालचे दोन सड अंगाखाली दबलेले असतात आणि तपासणाऱ्याला वरचे दोनच दिसतात. तिला कूस बदलायला लावून चारही सडांची धार पाहिल्याशिवाय बाटली लावू नये, हे मी माझ्यासोबत शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते.

कासदाह आहे हे कळलं, तरी कुठल्या जंतूचा हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. नमुना मात्र प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यायला हवा. हात धुवा, सडाचं टोक सत्तर टक्के अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा. पुसताना आधी पलीकडचे सड, मग अलीकडचे. नमुना घेताना आधी अलीकडचे, मग पलीकडचे, म्हणजे स्वच्छ केलेल्या सडाला बाही घासत नाही. पहिल्या धारा सोडा, निर्जंतुक बाटली आडवी धरा, बूच उताणं ठेवू नका, नमुना बर्फात ठेवून लगेच पाठवा. गोठ्यातल्या शेणाचा एक कण पडला तरी अहवालात चार जंतू येतात आणि खरा कोणता ते कळत नाही. प्रयोगशाळेत एक-दोन दिवसांत जंतू वाढतो, मग त्याच्यावर कोणतं औषध चालतं हे पाहतात. स्टॅफिलोकॉकसचा दाट संशय असेल आणि अहवाल कोरा आला, तर मी काही दिवसांनी पुन्हा नमुना घेते.

“तोवर गाईला काय करू?” हा प्रश्न रास्त आहे. ताप असेल, गाय बसली असेल तर मी वाट पाहत नाही. नमुना काढून घेते आणि त्याच बैठकीला उपचार सुरू करते, अहवाल आल्यावर औषध बदलते. पण फक्त दुधात थोड्या गाठी असतील, गाय खात-पीत असेल, तर कास वारंवार पिळून रिकामी करणं, सूज उतरवणारं औषध आणि अहवालाची वाट, एवढ्यावर थांबता येतं. ई. कोलायच्या सौम्य दाहात गाईचं शरीर अनेकदा जंतूला स्वतःच संपवतं.

प्रत्यक्षात काय होतं? मेडिकलमधून सडात भरायची नळी आणतात, एका नळीतलं औषध दोन सडांत अर्धं-अर्धं भरतात, टोक न पुसता. त्या टोकाबरोबर यीस्ट आत जातं. यीस्टवर जंतुनाशक प्रतिजैविकाचा काही परिणाम होत नाही. आराम पडत नाही म्हणून दुसरी नळी, मग तिसरी. प्रोटोथेका नावाचं एक शेवाळही कासेत असंच राहतं आणि त्याच्यावर तर उपयोगी औषधच नाही. एवढी औषधं देऊनही सड सुधारत नसेल तर आणखी एक औषध शोधण्यापेक्षा नमुना पाठवावा. शिवाय त्या औषधाचा अंश दुधात उतरतो. वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत ते दूध डेअरीला घालू नये, घरीही वापरू नये. अशा दुधाचं दही नीट लागत नाही, कारण विरजणातले चांगले जंतूही मरतात. ते दूध कालवडींना पाजण्याचाही मोह होतो, पण तसं करू नका.

इंग्लंडमध्ये शिनफील्डच्या दुग्ध संशोधन संस्थेत नीव्ह, डॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात कासदाह आटोक्यात ठेवायचा एक कार्यक्रम तयार केला, तो आजही जगभर पायाभूत मानतात. धार झाल्यावर प्रत्येक सड जंतुनाशकात बुडवणं, गाय आटवताना सडात दीर्घकाळ टिकणारं औषध भरणं, दिसलेल्या रोगावर लगेच उपचार, मशीनची देखभाल आणि जुनाट आजारी गाय कळपातून काढणं. पहिली गोष्ट आपल्याकडे आज, आत्ता करता येते. अर्धा टक्का आयोडीन आणि कातडी मऊ ठेवायला ग्लिसरीन असलेल्या द्रावणाची छोटी कुपी, एका गाईला काही सेकंद. जुनाट गाय सर्वांत शेवटी पिळणं हेही जमण्यासारखं आहे. निरोगी आधी, संशयित नंतर, आजारी अखेरीस.

जुनाट गाय काढून टाकणं मात्र आपल्याकडे अवघड आहे. राज्यात गाईच्या कत्तलीला कायद्यानं बंदी आहे, म्हणून ‘काढणं’ म्हणजे बाजारात नेणं. काष्टी असो की घोडेगाव, बाजारात उभ्या असलेल्या गाईचा सड कधीपासून दुखतोय हे तिच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ती दुसऱ्या गोठ्यात जाते आणि तिच्याबरोबर स्टॅफिलोकॉकसही जातो. ज्याच्या घरी ती जाते, त्यानं कर्ज काढून ती घेतलेली असते.

म्हणून गाय घ्यायला निघालात तर पदरी थाळी आणि द्रावणाची बाटली ठेवा. दुसऱ्यानं काढून दाखवलेल्या बादलीवर विसंबू नका. धार काढून झाल्यावर रिकामी कास स्वतः चाचपा, चारही सडांच्या धारेची जाडी सारखी आहे का ते बघा, सडांची टोकं उजेडात धरून पाहा, आणि चारही सडांचं दूध चार वेगळ्या कप्प्यांत घेऊन चाचणी करा. गाय ताजी व्यालेली असेल तर आठवडाभरानं चाचणी करू द्यायची बोली आधीच करून ठेवा. एका कप्प्यात जरी दूध दाटलं, तरी विसार देऊ नका.